राहून गेलेले प्रकरण

मी टीकाकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. आता त्या परीक्षेला दहावी म्हणतात, पण आमच्या चाळीत शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. दिवसा पोटामागे धावणाऱ्या मुलांना रात्रीच्या शाळेत मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा उद्योग. ‘कामगारजीवन आणि मराठी साहित्य’ असा भारदस्त विषय संपादकांनी सुचविला, त्या वेळी मी प्रथम नकारच कळविला. या विषयावर विद्वानांनी प्रबंध लिहिले आहेत. त्यांत माझ्या एका कादंबरीचाही दोन ओळींत उल्लेख आहे आणि तो स्तुतिपर आहे. मग मी का लिहावे? लिहावे याचे कारण एवढेच, की ती स्तुती मला अलीकडे बोचू लागली आहे.

ती कादंबरी गिरणी संपावर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा जो संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार ज्यात उतरले आणि जो रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही, तो संप. माझे वडील त्या अडीच लाखांतले एक. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होतो. पुस्तक छापून आले, तेव्हा आबा जाऊन पंधरा वर्षे झाली होती. आईला वाचता येत नाही. तिने हट्ट धरला म्हणून मी रोज रात्री थोडी थोडी करून सारी कादंबरी तिला वाचून दाखविली. माझा नायक मोर्चात पुढे असतो, दारू पितो, मुकादमाच्या मुस्काटात मारतो आणि अखेरीस लाठीहल्ल्यात मरतो. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. शेवटचे पान संपल्यावर ती म्हणाली, “बरा लिवलंस. पण ह्यात तुझे आबा खंय असत?”

हा प्रश्न मी आजवर वाचलेल्या सगळ्या परीक्षणांहून कठीण आहे. या लेखात मी तो माझ्या कादंबरीपुरता न ठेवता आपल्या एकूण कामगारसाहित्याला विचारून पाहणार आहे.

आधी ऋण मान्य केले पाहिजे. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ लिहिली, तेव्हा गिरणीच्या आत काय चालते याची पांढरपेशा वाचकाला गंधवार्ता नव्हती. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबले आणि चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहीत राहिले. नारायण सुर्वे यांना तर गिरणगावानेच रस्त्यावरून उचलून आपले नाव दिले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले आणि मराठी कवितेत कामगार हा दयेचा विषय उरला नाही, तो बोलणारा झाला. हे थोर काम आहे. माझ्यासारख्याने लेखणी हाती धरली ती यांच्या आधाराने.

परंतु याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहावे. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आदी नवकथाकार माणसाच्या मनाचा तळ ढवळीत होते. कारकून, मास्तर, विधवा, प्रौढ कुमारिका, भाड्याच्या दोन खोल्यांत घुसमटणारे जोडपे यांच्या मनातली भीती, विकृती आणि पोकळी प्रथमच मराठी कथेत उतरत होती. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाची गोठलेली जाणीव कवितेत आणली. तीही थोर कामे. पण दोन्ही एका दृष्टीने पाहिली, की एक चमत्कारिक वाटणी झालेली दिसते. जणू कोणी हिशेबाने वाटून दिले होते: पांढरपेशाला मन मिळाले आणि कामगाराला पोट. पांढरपेशाला नैराश्य आले तर कथा होई, कामगाराला आले तर घोषणा. पहिल्याला झोप लागत नाही म्हणून लेखक रात्रभर त्याच्या उशाशी बसे. दुसऱ्याला झोप लागत नसेल, तर तो क्रांतीची वाट पाहत जागत असला पाहिजे, हे ठरलेलेच.

ही वाटणी कोणी दुष्टाव्याने केली, असे मी म्हणत नाही. कामगाराला दुबळा दाखवायचे नाही, ही त्यामागची निष्ठा होती. ज्याला सारे जग हिणवते त्याला आपण तरी ताठ उभा करू, ही ती भूमिका. पण ताठ उभ्या माणसाच्या पाठीचा कणा दुखतो की नाही, हे मग पुतळाच जाणे!

दोन-तीन वर्षांपूर्वी वर्गात मी गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा सांगत होतो. अभ्यासक्रमात ती नाही, पण परीक्षा उरकल्यावर मी मुलांना एखादी गोष्ट सांगत असतो. १८४२ साली प्रसिद्ध झालेली कथा, मी तिला जुनी म्हणायला धजणार नाही. अकाकी अकाकीयेविच हा पीटर्सबर्गच्या एका सरकारी कचेरीतला नकलनवीस. आयुष्यभर त्याने कागदांच्या नकला केल्या. एका भल्या वरिष्ठाला त्याची कीव आली आणि त्याने जरा वरचे काम दिले. काम काय, तर तयार कागदाचा मथळा बदलायचा आणि काही क्रियापदे प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला दरदरून घाम फुटला. कपाळ पुसत तो म्हणाला, की नको, मला नक्कलच द्या. पुढे कोट चोरीला जातो वगैरे भाग सर्वांना ठाऊक आहे आणि समीक्षक बहुधा तिथेच थांबतात. माझा एक विद्यार्थी मात्र या घामापाशी थांबला. हा मुलगा दिवसा कुरियरच्या गोदामात पुड्यांवरच्या रेघा वाचणारे यंत्र हातात धरून उभा असतो. तासाला किती पुड्या झाल्या, याचा आकडा वर फळ्यावर सर्वांना दिसेल असा उमटत असतो. तो म्हणाला, “सर, तो माणूस आजारी होता ना? गोष्टीत कुणाला कळलंच नाही.”

मी विचारले, “कशावरून?”

“दुसरं काम दिलं तर घाम येतो म्हणजे काय? मला पण रविवारी घरी बसवत नाही. कानात टिट-टिट चालू असतं.”

गोगोलवर मी वाचलेल्या लेखांपैकी एकानेही मला हे सांगितले नव्हते. अकाकीला आपण ‘क्षुद्र माणूस’ म्हणून ओळखतो, ‘व्यवस्थेचा बळी’ म्हणतो. कामाने त्याच्या मनाचे नेमके काय केले आहे, ते त्या घामाच्या एका ओळीत आहे. गोगोलने लक्षण लक्षणासारखे लिहिले, त्याचे प्रतीक केले नाही. आपल्याकडे उलट घडले. आपण लक्षण दिसले रे दिसले, की त्याचे प्रतीक करून टाकतो.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातली त्याच नावाची कथा घ्या. गुजरातेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो. सोबतचे कामगार त्याच्यावर लोभ करतात, त्याच्या कवितेचे कौतुक करतात, आणि त्या प्रत्येक कौतुकाबरोबर त्याची धास्ती वाढत जाते. या कथेची चर्चा जातीच्या अंगाने झाली व ती व्हायलाच हवी. पण मला ती कामाच्या जागेवरल्या भयाची कथाही वाटते. घंटा झाल्यापासून सुटेपर्यंत प्रत्येक शब्द तोलून बोलणे, कोण काय विचारील याचा आधीच अदमास घेणे, प्रेमाने पुढे केलेल्या घासालाही बिचकणे. कारखान्यात शारीरिक श्रमांखेरीज हे दुसरे श्रम त्याला करावे लागतात आणि त्यांचा पगार मिळत नाही. शेवटी मार खाल्ल्यावर त्याला एक प्रकारची सुटका मिळाली असावी, असे मला प्रत्येक वाचनात वाटते. बागुलांना तसे म्हणायचे होते की नाही, ते मी सांगू शकत नाही.

भाऊ पाध्ये यांनी कामगार चळवळ आतून पाहिली होती. त्यामुळे त्यांच्या कामगारांत पुतळे नाहीत. वैताग हा शब्द त्यांनी मराठी कादंबरीत इतक्या इमानाने वापरला, की समीक्षकांना तो बेजबाबदारपणा वाटला. त्यांच्यावर अधिक लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’विषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. १९९७ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक संपानंतरच्या गिरणगावातल्या एका घराचे आहे. या नाटकाने गुंडगिरीकडे वळलेला नरू दाखविला आणि पुष्कळांना तोच आठवतो, कारण तो नाट्यपूर्ण आहे. मला आठवतो तो क्रिकेटचे वेड लागलेला मोहन. हा मुलगा मैदानावर नाही, सामन्याच्या गप्पांत जगतो. जगात आपल्यावाचून काही अडलेले नाही, हे ज्याला रोज सकाळी नव्याने कळते, त्याने कुठल्या तरी धावसंख्येला धरून राहायचे नाही तर काय करायचे? प्रेक्षागृहात त्याच्या बोलण्याला हशा येतो. मीही हसलो होतो. घरी परतताना भायखळ्याच्या पुलावर मला एकदम आमचा जिना आठवला आणि घशात काहीतरी अडकले.

त्या जिन्याचे आता सांगतो.

आबा मागखात्यात होते. शंभरावर मागांचा खडखडाट ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकला ती माणसे एकमेकांच्या ओठांवरून बोलणे ओळखत आणि घरी आल्यावरही ओरडून बोलत. संप चिघळला, गिरणी पुन्हा पुरती सुरू झालीच नाही. आबा त्यानंतर ओरडेनासे झाले. मला कळू लागल्यापासूनचे आबा म्हणजे हळू आवाजात एकच प्रश्न विचारणारे गृहस्थ. पहाटे पाचला उठायचे, बंबातले पाणी घेऊन आंघोळ करायची, इस्त्री नसलेली पण धुतलेली विजार चढवायची आणि आईला विचारायचे, “भोंगो वाजलो काय गो?” भोंगा कित्येक वर्षांत वाजला नव्हता. आई म्हणायची, “अजून नाय.” मग ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसत. पहिल्या पाळीची वेळ टळून गेली, की परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजत. दुपारी हातात दोऱ्याचा तुकडा असे. तुटलेला धागा जोडण्याची विणकराची गाठ बोटांच्या एका झटक्यात बसते. ती ते मारीत, सोडीत, पुन्हा मारीत. सणाला पाहुणे आले तरी बोटे थांबत नसत. पाहुणे नजर दुसरीकडे वळवीत.

आई खानावळ चालवून सहा माणसांचे डबे करी. तिने आबांना एका मोठ्या दवाखान्यात नेले होते. तिथल्या डॉक्टरांनी अशक्तपणा लिहून शक्तीचे औषध दिले. गावच्या माणसांनी देवाचे केले. युनियनच्या माणसांनी सांगितले, “लढाई संपलेली नाही, म्हातारा खचता कामा नये.” चाळीतल्या पोरांनी ‘भोंगा’ असे नाव ठेवले. त्या पोरांत मीही होतो, हे लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

कादंबरीत मी यातले काय घेतले? फक्त दोरा घेतला. एका प्रकरणाच्या शेवटी माझा नायक दोऱ्याला गाठ मारतो आणि मी लिहिले आहे, की ही गाठ म्हणजे कामगारांच्या न तुटणाऱ्या एकीची गाठ. प्रबंधकारांनी नेमके हेच वाक्य उद्धृत केले आहे. आईचा प्रश्न या वाक्याला उद्देशून होता, हे मला फार उशिरा उमगले. माझ्या बापाचा आजार मी झेंड्याच्या काठीला बांधला होता.

आईच्या प्रश्नानंतर मी हाताला लागेल ते वाचीत सुटलो. त्यात एका ऑस्ट्रियन पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर मिळाले. माझे इंग्रजी मॅट्रिकचे, तेव्हा कोश मांडीवर घेऊनच वाचले. व्हिएन्नाजवळचे मारिएनथाल हे गाव कापडगिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांच्या गटाने तिथे जाऊन पाहणी केली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. त्यांनी काय मोजले पाहा. रस्त्यावरून माणसे किती वेगाने चालतात, ते त्यांनी मोजले. बायका झपाझप जात, त्यांना घरचे काम होतेच. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत. त्यांनी वाचनालयाची नोंदवही पाहिली. वेळ मुबलक असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते. दिवसभर काय केले असे विचारले, तर पुरुषांना सकाळ आणि दुपार यांच्यामधले काही आठवत नसे. बेकारीने बंडखोर निर्माण होतील, हा पुस्तकी अंदाज होता. प्रत्यक्षात माणसे थकत गेली आणि त्यांनी मागणे सोडून दिले.

हे शास्त्रीय पुस्तक आहे. पण आबांच्या तिसऱ्या पायरीच्या इतके जवळ एकही मराठी पुस्तक मला नेऊ शकले नव्हते. नजर हवी तर चालण्याच्या वेगातही माणूस सापडतो. आपल्या गिरणगावात अशी पाहणी त्या वेळी कोणी केली असती तर? पुढे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून गोळा करून ग्रंथरूप दिले, ते २००४ साली. तोवर बरीचशी तोंडे मिटली होती.

१९८२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. उपचार सामान्य माणसापर्यंत, साध्या दवाखान्यापर्यंत न्यावेत, हा त्याचा हेतू होता आणि हेतू उत्तमच होता. एकाच वर्षी एकीकडे दिल्लीत हा कागद तयार होत होता आणि दुसरीकडे परळ-लालबागमध्ये लाखो माणसे बंद फाटकांसमोर उभी होती. कागद फाटकापर्यंत आला नाही. कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर संपादकांनी त्याला ‘जरा ओढूनताणून वाटते’ असे कळविले असते.

मला कायद्याचे काही कळत नाही, पण यादी वाचता येते. कामगारांच्या नुकसानभरपाईचा जो कायदा १९२३ साली झाला, त्याला व्यवसायजन्य रोगांचे परिशिष्ट जोडलेले होते. मी ते एखाद्या कवितासंग्रहासारखे सावकाश वाचले. शिसे, पारा, फॉस्फरस, बेन्झिन यांची विषबाधा त्यात आहे. दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग आहे, उसाच्या चिपाडाच्या धुळीचा आहे आणि कापसाच्या तुसाने होणाराही आहे. आबांच्या खोकल्याला त्या यादीत जागा होती. मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाला जागा होती, म्हणजे त्यांच्या कानांनाही होती. भोंग्याच्या प्रश्नाला नव्हती. मनाचा एकही विकार त्या यादीत नाही. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही यादी उतरली आहे, तिथेही तो नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० साली आपल्या यादीत मानसिक व वर्तनविषयक विकारांना स्वतंत्र जागा दिली आहे. सरकारी परिशिष्ट आणि मराठी कादंबरी या दोन अगदी भिन्न प्रकारच्या लेखनांनी एकच प्रकरण कसे गाळले, याचे मला नवल वाटते. दोघांनाही कामगाराची छाती ठाऊक होती, एकाला खोकणारी आणि दुसऱ्याला फुगलेली.

आता जगात या विषयाचा बराच बोलबाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या जागेवरील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खिन्नता आणि चिंता यांपायी जगात दर वर्षी बारा अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि एक हजार अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा तिचा अंदाज आहे. या आकड्याने सरकारे जागी होणार असतील तर तो मी डोक्यावर घेईन. पण लेखक म्हणून माझे कान त्याच्या भाषेकडे जातात. दिवस ‘वाया’ कोणाचे गेले? कारखान्याचे. तिसऱ्या पायरीवर बसून गेलेले दिवस या हिशेबात धरता येत नाहीत, कारण तिथे बुडायला उत्पादनच नव्हते. आपल्याकडचा एक आकडा याहून उघडा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतले ४२,००४ रोजंदारीवर राबणारे होते. दर चारांत एक. आत्महत्येला एकच कारण नसते, हे मी जाणतो. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येवर आपल्याकडे कविता, कादंबरी, चित्रपट झाले, रोजंदाराच्या आत्महत्येला अजून बातमीच्या चार ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही, हेही खरे.

माझे एक जुने स्नेही आहेत, सारी हयात युनियनमध्ये घालविलेले. या लेखाचा कच्चा खर्डा त्यांना दाखविला, तर ते संतापले. “म्हणजे तू आमच्या लढ्याला वेड ठरवणार? शोषणाला तू आजार म्हण, मग मालक समुपदेशक नेमतील, कामगाराला गोळी देतील, आणि तासाचा आकडा आहे तिथेच राहील!” त्यांचा आक्षेप खोटा नाही. माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या कंपनीत तणावमुक्तीसाठी सकाळी पंधरा मिनिटे डोळे मिटून बसवतात आणि ती पंधरा मिनिटे जेवणाच्या सुट्टीतून कापतात. स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, की आबांचा आजार तुम्ही त्या वेळी आजार म्हणून पाहिला असतात, तर लढा दुबळा झाला नसता, आबा एकटे पडले नसते. मालकाच्या दारावर मोर्चा नेणारी युनियन एका माणसाला दवाखान्यातही नेऊ शकते. ते गप्प बसले. पटले म्हणून की राग आला म्हणून, ते कळले नाही. निघताना त्यांनी विचारले, “तुझे आबा मला आठवतात. बोटं हलायची ना त्यांची?” म्हणजे त्यांनी पाहिले होते.

आजार आणि अन्याय हे एकाच चौकटीत दाखविता येतात, याचा पुरावा माझ्याजवळ पुस्तकाचा नाही, पडद्याचा आहे. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ सालचा. सरकत्या पट्ट्यापुढे उभा राहून चार्ली नट आवळीत असतो आणि मालक पडद्यावरून पट्ट्याचा वेग वाढवायला सांगत असतो. जेवणाची वेळ वाचावी म्हणून घास भरविणारे यंत्र त्याच्यावर लावून पाहतात. शेवटी तो यंत्राच्या चक्रांत ओढला जातो आणि बाहेर येतो तो भ्रमिष्ट होऊन, दिसेल त्याला पाना लावीत. त्याला इस्पितळात नेतात. तो बरा होतो, पण नोकरी गेलेली असते. दगदग टाळा, जिवाला जपा, असे डॉक्टर त्याला सांगतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच शहराचा सगळा गोंगाट अंगावर येतो. थोड्याच वेळात मालमोटारीवरून पडलेले एक तांबडे निशाण परत द्यावे म्हणून तो ते उचलून धावतो, मागून मोर्चा येतो आणि पुढारी समजून पोलीस त्यालाच धरतात. माझ्या स्नेह्यांचा सगळा आक्षेप आणि माझे सगळे उत्तर या दहा मिनिटांत आहे. चॅप्लिनने माणसाला निशाणाखाली झाकले नाही आणि इस्पितळात नेऊन विसरलाही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी हा चित्रपट शाळेत दाखविला. भिंतीवर चादर लावली होती. मुले दिवसभराच्या कामावरून आलेली, दोघांच्या अंगावर पहारेकऱ्याचे गणवेश तसेच होते. भरविण्याच्या यंत्राला ती पोट धरधरून हसली. मग पट्टा थांबतो, चार्लीला विसावा मिळतो आणि तरी त्याचे दोन्ही हात झटक्याने नट आवळीतच राहतात, ते दृश्य आले. वर्ग हसतच होता. मला त्या हातांत दोरा दिसला आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

दिवे लावल्यावर गोदामातल्या त्या मुलाने हात वर केला.

“सर, त्याला इस्पितळातले दिवस भरपगारी मिळाले का?”

“नाही,” मी म्हणालो. “नोकरीच गेली त्याची.”

“मग कारण काय लिहिलं असेल? कामावर न आल्याचं?”

मला उत्तर सुचले नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग दप्तर आवरले. सकाळी सहाला त्याची पाळी होती.